खिरीच्या पातेल्यामागची जागा

आई, गेल्या महिन्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला एक फॉर्म दिला. त्याचं अर्धं पान मी भरू शकले नाही, कारण ते तू भरायचं होतं. 'बचपन में आपको सबसे पास से किसने देखा?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईनं. 'वो आ सकती हैं?' तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली, असं सांगितल्यावर त्यांनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाल्या, 'चलिए, जितना आपको याद है.'

तिथवर मला तुझ्या नातीनं नेलं. ती आता कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. यावरून तू मला बोलली असतीस. बायकांमधला ऑटिझम लहानपणी कुणाच्या लक्षात येत नाही, चाळिशी उलटल्यावर कळतो, असं काहीतरी ती एका दुपारी वाचत होती आणि वाचता वाचता माझ्याकडेच पाहायला लागली. 'मम्मी, फोन करने से पहले तुम कागज़ पर क्यों लिखती हो कि क्या बोलना है?' मी म्हटलं, सगळेच लिहितात. 'कोई नहीं लिखता, मम्मी.' शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला हे खरंच माहीत नव्हतं. लग्नघरातून आल्यावर दोन दिवस पडदे लावून पडून राहायचं, ब्लाउजची एखादी शिवण टोचली तर दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही, समोरचा बोलत असताना मनात म्हणायचं की आता हसायचं. मला वाटे, हे सगळ्यांनाच होतं. बाकीचे निमूट सोसतात आणि मी कमकुवत आहे.

चार भेटींनंतर बाई म्हणाल्या, हो, तसंच आहे. मला वाईट वाटेल अशी तयारी मी करून गेले होते. पण बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला आणि कळलं की बरं वाटतंय. शांतपणे, पोटापासून बरं वाटतंय. मी गर्विष्ठ नव्हते. माणूसघाणीही नव्हते. मग घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, की हा नुसता सोयीचा खुलासा तर नाही ना? दुसऱ्या दिवशी वाचलं, तरी बरंच वाटत होतं. तेव्हा ते वाक्य तसंच ठेवलं.

फॉर्मवर एक प्रश्न होता: माणसांच्या गर्दीत मूल कसं वागायचं? त्यावर मला एकच दिवस आठवतो. मी अकरा वर्षांची आहे. बुद्धपौर्णिमा, विहाराचं अंगण, डोक्यावर भोंगा वाजतोय. कुणी तरी गाल ओढतं आणि मी दोन्ही कान दाबून पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसते. बाहेर येत नाही. तू येतेस, दंडाला धरून ओढतेस, सगळ्यांसमोर म्हणतेस, 'काहून असं करून राहिली? लोकांत बसता येत नाही तर काम कर.' मग मला खिरीच्या पातेल्यामागे उभं करतेस, हातात ओगराळं देतेस आणि आवाज खाली आणतेस. 'वाटीकडे पाहायचं. तोंडाकडे पाहायची गरज नाही. एक वाटी, एक ओगराळं.'

त्यानंतर लग्न होईपर्यंत दरवर्षी मी तिथेच उभी होते. बाकीच्या मुली नवे फ्रॉक घालून सतरंजीवर बसायच्या. तूही बायकांमध्ये जाऊन बसायचीस. माझी तुला लाज वाटते म्हणून तू मला पातेल्याआड ठेवतेस, असं मी धरून चालले. तुझ्या शेवटच्या आजारपणातही विचारायचं धाडस झालं नाही. तू हो म्हणाली असतीस तर?

अर्ध्या पानासाठी मी पनागरला तुझ्या मैत्रिणीकडे गेले, दरवर्षी तुझ्याबरोबर खीर करायची त्या मावशीकडे. ऐंशीला आली आहे. दारात मटार सोलत बसली होती. मला पण एक ढीग दिला. मी विचारलं, मावशी, मी लहानपणी विचित्र होते का? म्हणाली, 'तू तर बरी होती. अजब तर तुझी माय होती.' आणि हसायला लागली. 'ते पातेलं तिचंच होतं ना. लग्न होऊन आली तेव्हापासून वाढायला कोणाला हात लावू देत नव्हती. आम्ही खीरवाली बाई म्हणून चिडवायचो. बायकांत बस म्हटलं का घाम फुटायचा तिला. मग एका वर्षी तुला उभं केलं न आमच्यात येऊन बसली. मी म्हटलं, काहून वं, आज पातेलं सोडलं? तर म्हणते, तिथे एकच जण मावते.'

मटार सोलता सोलता मला तू सतरंजीवर बसलेली दिसलीस. पदराचं टोक दुमडायचीस, चार घड्या घालायचीस, उलगडायचीस, पुन्हा घालायचीस. बायका हसून झाल्या की तू हसायचीस. मी पातेल्यामागून हे दरवर्षी पाहत होते आणि मला वाटत होतं, तू मजेत आहेस.

तुझ्यावर मी कुठलं नाव चिकटवत नाही. ज्यांना विचारता येत नाही त्यांच्याबद्दल आपण ठरवायचं नाही, असं त्या बाईही म्हणाल्या. फॉर्मच्या तुझ्या भागात मी फक्त मावशीचं शेवटचं वाक्य लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि फॉर्म फाइलला लावला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, रोजनिशीतच राहील. तरी एक गोष्ट लिहून टाकते. त्या पहिल्या वर्षी रांगेत तुझी वाटी आली. मी तोंडाकडे पाहिलं नव्हतं, पण तुझ्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग मला माहीत होता. तू ओढलेला दंड अजून दुखत होता. मी अर्धंच ओगराळं वाढलं. तू क्षणभर थांबलीस, वाटी तशीच घेतलीस आणि सतरंजीकडे गेलीस. ते चुकून झालं नव्हतं, आई.