मिरचीच्या चक्कीवरचा पंखा

माय, तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. मिरचीची चक्की आता काकू चालवते, आणि गेल्या हिवाळ्यापासून तीही तुझ्यासारखीच खोकते. म्हणून मी पंखा आणला. इनलाइन डक्ट फॅन म्हणतात त्याला. पाइपाच्या मधोमध बसणारा गोल डबा, आत मोटर आणि पाती. एका तोंडाने हवा ओढतो, दुसऱ्याने बाहेर फेकतो. लहानपणी एकदा तू खोकत होतीस म्हणून मी टेबलफॅन लावला, तर तिखटाच्या हातानेच पाठीत धपाटा घातलास. "गिऱ्हाइकाचं तिखट उडालं त आपल्याले चोर म्हणतीन लोकं!" बाया मिरची मोजून आणतात, समोर बसून तिखट मोजून नेतात. त्यामुळे तू खिडकीही उघडायची नाहीस. पदर नाकाला बांधायचीस, बस.

घरातली पहिली बी.एस्सी., म्हणून काकूने माझं ऐकलं. पण बजावलं, "एका बाईनं जरी तोंड वाकडं केलं, त मीच काढून फेकीन." मग मी ओढणारं तोंड चक्कीपासून दूर, काकूच्या डोक्याच्या जरा वर घेतलं. धूळ मोटरीत जाऊ नये म्हणून त्याला कापडी पिशवी बांधली. पंखा बाहेरच्या भिंतीलगत बसवला. आतल्या पाइपाला फट राहिली तरी तिथून हवा ओढलीच जाईल, धूळ खोलीत सांडणार नाही. डब्यावरचा बाण बाहेरच्या दिशेला आहे ना, हे पुन्हापुन्हा पाहिलं.

पहिली आली ती तुझीच जुनी गिऱ्हाईक, गल्लीतली म्हातारी. चक्की सुरू, पंखा सुरू. काकूचा हात बटणापाशीच. म्हातारी वर पाइपाकडे बघते, मग तिखटाकडे. तिखटाचा डबा काट्यावर चढतो.

"वजन त बराबर हाय," ती म्हणते. मग पिशवीकडे बोट. "पण त्यात काय गेलं वं पोरी?"

मी पिशवी सोडून तिच्यासमोर कागदावर झटकली. चमचाभर लाल भुकटी.

"हे माहं होय ना?"

"तुहंच हाय," काकू म्हणाली. "आजवर माह्या छातीत जात होतं, तवा नाही मागतलं वापस!"

म्हातारी खो खो हसली, आणि पुडी बांधून घेऊनच गेली.

पंखा राहिला. लोक म्हणतात, तुही माय असती त खूश झाली असती. मी मान हलवते. हे मात्र कुणाला वाचून दाखवणार नाही: तू असतीस तर पहिल्याच दिवशी "काढ ते" म्हणाली असतीस. आणि माय, मी काढला असता.