काळ्यावर काळा दोरा

४ फेब्रुवारी

चि. बॉबिनीस अ. उ. आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक. तुझ्या पत्राचा पहिला भाग चहा पिता पिता वाचला आणि दुसरा भाग वाचताना चहा गार झाला. तुझी घरमालकीण मार्चअखेर खोली रिकामी कर म्हणते, कारण तिचा मुलगा बिऱ्हाड घेऊन परत येतोय. ते रीतसर झालं. खोली तिची, मुलगा तिचा. पण दुसरी भाड्याची खोली बघायची सोडून तू थेट विकतच घर घ्यायला निघालीस! हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागून अजून नवलाई सरली नाही, तोवर बँकेत जाऊन बोलूनही आलीस. वर लिहितेस की दोन खोल्यांचंच बघणार. एक तुझी, एक आमची आणि मशीनची. आम्ही येतो असं कधी म्हटलं? तुझी आई मात्र तेव्हापासून कुठले डबे न्यायचे आणि कुठले वाटून टाकायचे ते ठरवतेय.

बघणारच असशील तर नीट बघ. भिंतीच्या रंगावर भाळू नकोस. रंग म्हणजे वाकड्या शिवणीवर फिरवलेली इस्त्री. भर दिवसा जा आणि एजंटला दिवा लावू देऊ नकोस. काळ्या कापडाचा तुकडा आणि काळा दोरा बरोबर ने. मशीन जिथे बसेल तिथे उभी राहा, सुई ओव आणि त्या कापडावर टाके घाल. टाका दिसला तर ती खोली. ऊन थेट आत येत असेल तर तीही नको. तिरीप डोळ्यांत खुपते. शिंप्याला दिवसभर एकसारखा, थंड उजेड लागतो.

आपण भाड्याच्या ज्या ज्या खोल्यांत राहिलो, त्या सगळ्या मी अशाच पारखून घेतल्या. सायकल-दुकानावरची खोली आठवते का? कापड धरायला तू असायचीस, फ्रॉकच्या खिशात मशीनची रिकामी बॉबिन घेऊन. तिथला उजेड असा, की अस्तराचे धागे निवडून घ्यावेत. नळ खाली अंगणात होता हे खरं, आणि बादल्या वर चढवताना तुझी आई विचारायची की उजेड प्यायचा का, हेही खरं. पण त्याच खिडकीशी मी कोट शिवायला शिकलो. कोणाच्या हाताखाली बसलो नाही. जुना कोट उसवायचा, परत शिवायचा, चुकला की पुन्हा उसवायचा. तो कोटच माझा मास्तर.

सोबत कुडता पाठवलाय. काय ठरतं ते पत्राने कळव. फोनवरचं बोलणं म्हणजे कच्चा टाका, ओढला की निघतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुला वाचायला बरं.

लोभाची शिवण पक्की आहे. तुझ्या बाजूनेही अधूनमधून ओढून बघावी.

बाबा


१९ फेब्रुवारी

ती. बाबा व ती. आई यांना बॉबिनचा शि. सा. न. वि. वि.

कुडता पोचला. खांद्यावर असा बसलाय, जसा तुम्ही हात ठेवलाय. अक्षराबद्दल मात्र काय बोलू? ते पत्र आहे की दुकानाची पाटी? माझी खोलीतली मैत्रीण, आपली चष्मेवाली नर्स, तिने ते समोरच्या पलंगावरून चष्म्याशिवाय वाचून दाखवलं.

आता घरांचं. काळा दोरा पर्समध्ये घेऊन फिरतेय. माझे डोळे तरणे, मला तळघरातही सुई ओवता येईल. म्हणून तुमची परीक्षा चष्मेवालीला द्यायला लावते. एजंट हात जोडून म्हणाला, की ताई, घर घेताय की शिवताय?

पहिल्या घरात दुपारचं ऊन सरळ आत, म्हणजे तिरीप. ते गेलं. दुसरं तुमच्या परीक्षेत पास झालं, पण इतकं लांब की रात्रपाळी करून घरी पोचेपर्यंत पुढची पाळी लागेल. तिसऱ्याचं लिहिताना हात जड होतो. हॉस्पिटलच्या फाटकातून त्याची गॅलरी दिसते. स्वयंपाकघरात आई कोपर न आपटता गोल फिरेल. खिडकी उघडली की वारा एका अंगाने येऊन दुसऱ्या अंगाने जातो. पण तुमच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून उभी. चष्मेवालीने तिथे सुई ओवायला घेतली ती थेट बोटातच घातली. मी नको म्हणून सांगितलं आणि जिना उतरले. खाली आल्यावर चष्मेवाली म्हणाली, की माणसं घरासाठी मशीन घेतात, तू मशीनसाठी घर घेतेस. तेव्हापासून अबोला आहे.

इकडे घरमालकिणीच्या मुलाचं कपाट आमच्या दारात येऊन उभं राहिलंय. त्याच्या कडेने आडवं होऊन बाहेर पडावं लागतं.

आणि बाबा, एक विचारते, रागावू नका. कुडत्याची शिलाई तुमची आहे. काजं तुमच्या हातची नाहीत. कोणी कारागीर ठेवलाय का? तुम्ही तर काजाला दुसऱ्याचा हात लागू देत नसता.

उत्तर लवकर यावं. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली
बॉबिन


१ मार्च

चि. बॉबिन,

आशीर्वाद. अक्षर तुझ्या आईचं आहे, मजकूर माझा. (अर्धा माझाही आहे. – आई)

काजं ओळखलीस. वाईट वाटलं आणि छातीही फुगली. ती शेजारच्या बाईंनी केलीत. टाके दाट आहेत, पण तोंड गोल आलेलं नाही, ते मला बोटांना कळलं. करता मात्र आलं नसतं. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय. कडेचं दिसतं, नेमकं मधलं पुसलं जातं. म्हणजे दाराची चौकट दिसते आणि दारात कोण उभं आहे ते विचारावं लागतं. चष्म्याने भागणारं हे काम नाही.

(थंडी सुरू झाली तेव्हापासून हे चाललंय. सकाळी सुया ओवून मी उशीला टोचून ठेवते. दोरा संपला की मला हाक मारायची, असं ठरलंय. हे मारत नाहीत. नेढं शोधत बसतात आणि मी आले की खिडकीतून बाहेर बघायला लागतात. तुला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली होती. – आई)

मी हे लिहायला सांगितलं नव्हतं. लिहिलंच आहे तर असू दे. खाडाखोड झालेलं पत्र मला चालत नाही. तुझा कुडता शिवता आला, कारण तुझं माप हातांना पाठ आहे. गिऱ्हाइकांचे कपडे परत केले. एकाने विचारलं, मास्तर, आता कोणाकडे जाऊ? त्याला चांगला शिंपी सांगितला. सांगताना जीभ अडखळली, पण नाव बरोबर सांगितलं.

तेव्हा आता उजेड शोधत हिंडू नकोस. हॉस्पिटलसमोरचं घर अजून असेल तर हे पत्र मिळताच जा आणि घेऊन टाक. चष्मेवालीची समजूत काढ. पोरगी शहाणी आहे.

आमचं येणं मात्र धरू नकोस. शिंपी म्हणून मी आलो असतो. जिन्याखाली पाटी लागली असती, लोक कापड घेऊन वर आले असते, तुला म्हणता आलं असतं की माझे वडील काम करतात. आता नुसता बाप म्हणून येऊन काय करू? (मी येणार आहे. यांचं यांनी बघावं. – आई) हिचं ऐकू नकोस. ही माझ्याशिवाय बसस्टॉपपर्यंत जात नाही. (जाते. – आई)

इथे खिडकीशी बसतो. उजेड अंगावर पडतो, तो कळतो. आता हिचा हात दुखतोय, पुरे करतो.

लोभ जिथल्या तिथे आहे.

बाबा


६ मार्च

ती. बाबा, ती. आई,

शि. सा. नमस्कार.

पत्र कामावर मिळालं. तपासायच्या नळ्या दुसरीच्या हातात दिल्या आणि जिन्यात जाऊन बसले. खूप राग आला. मग आईचे कंस वाचून हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम.

तशीच एजंटकडे गेले. घर होतं! तो म्हणाला, की जो येतो तो ती खोली बघतो आणि पाठ फिरवतो, म्हणून पडून आहे. सह्या केल्या. बँकेचं काम झालं. किल्ली महिनाअखेरीच्या आत मिळेल. चष्मेवाली बोलायला लागली आहे. इतकी, की अबोला बरा होता. आईला सांगा, नळ स्वयंपाकघरातच आहे.

घर पुन्हा बघायला गेलो तेव्हा एजंट खाली फोनवर बोलत होता, तेवढ्यात मी तुमच्या खोलीत गेले. या वेळी सुई, कापड काही नव्हतं. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. बाहेर रस्त्यावर ऊन डोळ्यांत जात होतं आणि आत सगळं शांत, गार. दार लोटलं तर गाड्यांचा आवाजही येईना. कधी डोळा लागला, कळलं नाही. एजंटने येऊन उठवलं.

तुम्ही विचारलंत, नुसता बाप म्हणून येऊन काय करू. बाबा, लहानपणी दुपारची मी मशीनच्या खाली झोपायचे. पायडल थांबलं की मला जाग यायची, म्हणून तुम्ही ते थांबवत नसा. पाणी प्यायलाही उठत नसा. आई येऊन भांडं तुमच्या ओठाला लावायची. आपल्या इतक्या खोल्या झाल्या आणि सगळ्या लख्ख उजेडाच्या. त्यांतल्या एकाही खोलीत तुम्हांला दुपारी आडवं झालेलं मी पाहिलेलं नाही.

ही खोली अंधारी आहे. या, आणि झोपा. चहाला मी उठवीन.

लोभ आहेच, येताना तो बरोबर आणावा.

तुमची
बॉबिन