टाकीतलं हिरवं पाणी

चिकलठाणा, औरंगाबाद
ता. ९ जानेवारी १९९९

प्रिय जाहेदा हिला,
द्वारकाभाभीचा सलाम. रोजे चालू असतील, जिवाला जपून कर. तुझे मालक, गयासभाई, त्यांचे गुडघे कसे आहेत? इथं आम्ही दोघं बरे आहोत. थंडी मात्र यंदा लई आहे, सकाळी अंगणात पाय ठेववत नाय.

अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. तेरा वर्षांनी लिहितेय, म्हणजे भाभीला काहीतरी हवं असणार, असं तुला वाटंल. तुझं चुकतंय असं मी म्हणत नाय. पण आधी ख्यालीखुशाली तर सांगू दे.

परवा शहागंजात तुझा भाऊ हबीब भेटला. मी भाजी निवडत होते, तर मागनं "भाभी" म्हणून हाक. दाढी पांढरी झालीय की गं त्याची! मी ओळखलंच नाय, वर त्यालाच दटावलं, "कोण रे बाबा तू, भाभी म्हणायला?" बिचारा हसला. त्यानं तुमचा सोयगावचा पत्ता दिला. गयासभाई स्टँडजवळ बसतात, कापसाचे फवारणी पंप, घागरी, बंब, मिळंल त्याच्या भोकाला कथलाची झाळ देतात, म्हणाला. फक्त रेडिएटर आणला की माघारी पाठवतात. अख्ख्या जालना रोडवर ज्याच्यासारखा रेडिएटरवाला नव्हता, तो माणूस रेडिएटरला हात लावत नाय! ते ऐकलं आणि मी कोथिंबीर तशीच ठेवून घरी आले.

आमचे हे, तुझे काकासाहेब, ऑगस्टात रिटायर झाले. कंपनीनं हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ अजून खोक्यातच आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हे जे मागच्या शेडमध्ये शिरले ते जेवायलाच बाहेर आले. बंगल्यावरची ताडपत्री काढली होती.

व्हय, आपला बंगला. गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव. शाळेची लिलावातली ती छोटी बस, जिची बाकडी उपटून यांनी आणि गयासभाईंनी दोन वर्षं रविवार-रविवार खपून चालतं घर केलं. झोपायच्या चार फळ्या, माझा ओटा, आणि मागं तू शिवलेल्या पडद्याआड मोरी. पडदा उंदरांनी खाल्ला. बाकी सगळं जागच्या जागी आहे. ओट्याच्या खणात तुझी सुपारीची डबी निघाली. सुपारी दगड झाली होती, तरी मी एक तुकडा तोंडात धरून बसले.

म्हैसमाळ आठवतं का गं? डिसेंबर होता, दात वाजत होते, आणि गयासभाई छाती काढून म्हणाले, "चालती गाडी में गरम पानी, भाभी. नवाबां को बी नै मिला था!" इंजिनचं उकळतं पाणी तांब्याच्या वेटोळ्या नळीतून टाकीत फिरवायचं, म्हणजे टाकीतलं अंघोळीचं पाणी आपोआप तापतं. इंजिनचं पाणी नळीच्या आत, आपलं बाहेर, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाय. ही सगळी त्यांची अक्कल. आमच्या यांना फक्त पाने पुढं करायचे माहीत. आपण दोघींनी त्या मोरीत डोक्यावरून अंघोळ केली आणि केसांतून वाफा निघाल्या म्हणून खिदळत बसलो. खाली उतरलो तर मी घृष्णेश्वराला आणि तू खुलताबादच्या दर्ग्यात, आणि दोन्हीकडचा प्रसाद एकाच ताटलीत. तेवढं सुख मला पुढं कधी मिळालं नाय, जाहेदा. खरं सांगते.

आणि प्रत्येक मुक्कामाला हे दोघं चहाला पळायचे आणि रेडिएटरमध्ये पाणी बघायचं काम आपलं. पिंप माझ्या ओट्याखाली म्हणून. "बायकांचं खातं," म्हणायचे.

असो. तर यांनी इंजिन चालू केलं आणि टाकीकडं जाणाऱ्या नळ्या, ज्या मधे बुचं मारून बंद केल्या होत्या, त्या पुन्हा जोडल्या. (त्या का बंद केल्या होत्या त्यावर नंतर येते.) बिडकीनपर्यंत जाऊन आलो, तर रेडिएटरमधलं दोन लिटर पाणी गायब. आता हल्ली त्यात हिरवं कुलंट घालतात, जमिनीवर सांडलं तर लगेच दिसतं. पण गाडीखाली थेंब नाय! यांनी सगळ्या जोडांवर पांढऱ्या चिंध्या बांधल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं, तासभर इंजिन चालवलं. चिंध्या कोरड्या, पेपर कोरडा, पाणी कमी. एका मिस्त्रीनं पाण्याचा पंप बदलला. दुसरा म्हणाला, हेड फुटलंय, इंजिन खोला. यांनी ऑइलची पट्टी काढून त्याच्या नाकापुढं धरली, "पाणी मिसळून दुधाळ झालंय का रे? मग कशाला खोलू?" पाच आठवडे हेच. माणूस झोपेतही पाणी-पाणी करायला लागला.

शेवटी सापडलं ते मला. टाकी मी भरते, तोंडाखाली चार बोटं सोडून. बिडकीनहून आलो की टाकी काठोकाठ. मला वाटलं, वय झालं, अंदाज चुकतोय. मग एक दिवस पाय धुवायला तांब्यात पाणी घेतलं तर हिरवं. वासही गोडसर. मी हाक मारली, "अहो, तुमचं पाणी जमिनीवर शोधू नका. ते माझ्या टाकीत येतंय."

हे हसले. म्हणाले, आता बायको मिस्त्री झाली. पण दुसऱ्या दिवशी गुपचूप ती वेटोळी नळी काढली, एक तोंड बंद केलं, घंगाळात बुडवली आणि सायकलच्या पंपानं हवा मारली. एकाच जागेवरून बुडबुडे. लोखंडी पट्टीला घासून घासून तांब्याला टाचणीएवढं भोक पडलेलं. गयासभाईंनी झाळ दिलेला एकही जोड सुटला नव्हता. हे एकेक जोड अंगठ्यानं चाचपत होते. मग म्हणाले, "द्वारके, तेरा वर्षं झाली. बघ, एक झाळ हलली नाय."

मी घंगाळ उचललं.

मग यांनी नळीत तार घातली. आतनं गाळ निघाला, घट्ट, पिवळा. तळहातावर चोळला, नाकाशी नेला. "ही हळद हाय का गं?"

"गंज असंल," मी म्हणाले.

आता मुद्द्यावर येते. इतकी पानं मी त्याच्याभोवतीच फिरतेय, हे तुला कळलंच असंल.

मे महिना. वहिदाचा निकाह, तुझी एकुलती धाकटी बहीण, आणि आपण चौघं बंगल्यातनं निघालेलो. तुझ्या मांडीवर तिच्या ओढणीचं गाठोडं होतं, तू कुणाला हात लावू देत नव्हतीस. सिल्लोडला हे दोघं चहाला गेले. मी पाणी बघायला झाकण काढलं, तर रेडिएटरच्या कडेला जरासा पाझर. गयासभाईंनी आठवड्यापूर्वीच झाळ दिलेला रेडिएटर तो, पाझर दुसऱ्याच जुन्या जागेचा. शेजारचा ट्रकवाला म्हणाला, चिमूटभर हळद टाका बाई, भोक बुजतं. चिमूटभर म्हणाला गं तो! आणि मी? अति शहाणी! स्वयंपाकात सगळ्यांना हात आखडून घाल म्हणून सांगणारी मी, अख्खा डबा उलटा केला. म्हणलं, यांना कशाला विचारायचं, निकाहाला उशीर होईल. तू शेजारी उभी होतीस. "भाभी, नक्को, इत्ती नक्को," म्हणालीस. मी म्हणाले, "तू गप, तुला काय कळतंय."

गोळेगावच्या पुढं हळदीनं रेडिएटर तुंबला, पाणी उकळलं आणि इंजिन जाम झालं.

आमचे हे तापले की कोणाचे नसतात. रस्त्यावर वीस माणसं जमली होती. गयासभाईंना म्हणाले, तुझ्या झाळेनं माझी गाडी खाल्ली. म्हणाले, तू कारागीर नाहीस, भंगारवाला आहेस. गयासभाईंनी एकदा रेडिएटरकडं पाहिलं आणि हात पुसले. आणि तू माझ्याकडं पाहिलंस. मी मान हलवली. नको म्हणून. एवढंच केलं मी, जाहेदा, मान हलवली. आणि तू ते गाठोडं छातीशी धरून नवऱ्याच्या मागं ट्रकमध्ये चढलीस. हबीबनं परवा सांगितलं, तुम्ही पोचलात तेव्हा मांडव सुटत होता, वहिदा सासरी निघून गेली होती.

पुढं सिल्लोडच्या मिस्त्रीनं रेडिएटर दुसरा टाकला आणि टाकीच्या नळ्या बंद केल्या, म्हणून माझी हळद तेरा वर्षं त्या वेटोळ्यात बसून राहिली.

यांच्या रागाला भ्याले असं म्हणायला सोपं आहे. पण खोटं आहे. यांचा राग मी चार भाकरी भाजेपर्यंत उतरवते. मला भीती होती ती माझी हुशारी उघडी पडायची. सगळ्यांना शिकवणारी द्वारका चुकली, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्यापायी मी गयासभाईंचा हात तोडला. रेडिएटर ते अजून माघारी पाठवतात, म्हणजे तू त्यांनाही आजवर काही सांगितलं नाहीस.

आता हे म्हणतात, बाशी ईदला, ईदच्या दुसऱ्या दिवशी, सोयगावला जाऊ, मी गयासच्या पाया पडतो. माझ्या पापासाठी हे पाया पडणार! आणि मी अजून यांना सांगितलेलं नाय. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहा ठेवू का म्हणून विचारलं.

ता. ११ जानेवारी

पत्र पेटीत टाकलं नव्हतं. सांगितल्याशिवाय टाकायचं नाय असं ठरवलं होतं.

आज दुपारी जेवताना सांगितलं. सरळ, एका दमात. मान हलवली तेही. यांनी ताट सारलं, उठले आणि बंगल्यात ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. मी ओसरीतून बघत होते. दोन वाजले, चार वाजले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती. शेवटी मीच गेले आणि पायरीवर बसले.

तेव्हा म्हणाले, "हळद तुझी, व्हय. पण भंगारवाला हा शब्द काय तू डब्यातनं काढून दिला व्हता?"

मी रडले. मग तेही रडले. तू असतीस तर आम्हा दोघा म्हाताऱ्यांना हसली असतीस.

आम्ही यायचं म्हणतोय, बाशी ईदला. गाडी दारात आणणार नाय, स्टँडजवळ उभी करू. नळी टॉवेलात गुंडाळून घेतलीय. इथला मिस्त्री पाच मिनिटांत झाळ देतो म्हणत होता, यांनी देऊ दिली नाय. गयासभाईंना तिला हात लावावासा वाटला तर लावतील. नाय वाटला तर तशीच माघारी आणू, आणि आमचे हे त्यावर तोंडातून शब्द काढणार नाहीत, हे माझ्याकडं लागलं.

खाली यांनी उर्दूत दोन ओळी लिहिल्यात. पोलीस ॲक्शनच्या आधी यांच्या दोन यत्ता उर्दूत झाल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर तासभर बसून लिहिल्या. मला वाचता येत नाहीत, आणि काय लिहिलं ते मी विचारलं नाय. त्या गयासभाईंसाठी आहेत.

मराठी मात्र त्यांना वाचता येत नाय, म्हणून हे काम तुझं. हे पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखव. माझी लाज राखायला म्हणून काही गाळशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. गाळू नकोस. मान हलवली ते दोनदा वाच. मग त्यांनी या म्हटलं तरच हबीबकडं निरोप दे. निरोप आला नाय तर आम्ही समजून घेऊ, गाडी शेडमध्येच राहील.

आणि वहिदाला कधी भेटलीस तर तिला सांग, तिची बहीण उशिरा आली नव्हती. तिला उशीर करणारी मी.

बहिणीचा निकाह हुकला, नवऱ्याचं नाव गेलं, तरी जिला तू तेरा वर्षं कुणापुढं उघडं पाडलं नाहीस,
ती द्वारका