पूर्व डावीकडे

बंगळूर, ऑगस्ट १९९७

तीर्थरूप कृष्णाजीमामांस, गिरीधरचा हुबळीच्या दिशेने साष्टांग नमस्कार (दिशा विचारून घेतली आहे). तुमचा खोकला आणि मामींचे गुडघे ताळ्यावर असतील अशी आशा.

गणपतीपर्यंत एका नोकरीला चिकटलो नाही तर तुमच्या दुकानात कापड फाडायचं, ही अट विसरलेलो नाही. पीण्या वसाहतीतला कारखाना मी सोडला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्याने मला सोडलं (तो मॅनेजर म्हणजे, पण राहू दे). आता मी विद्याअक्कांच्या हाताखाली आहे. त्या साताऱ्याच्या, शास्त्रज्ञ. अक्का म्हटलेलं आधी रुचत नसे, आता ओ देतात. त्या मायक्रोक्वेसार शोधतात, म्हणजे मेलेला तारा शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खातो आणि खाताखाता दोन्ही बाजूंना पिचकाऱ्या मारतो (आपले शिवाप्पाअण्णा पान खाऊन मारतात तशा, पण ते एकाच बाजूला). त्याचे क्ष-किरण उपग्रहाला कळतात, रेडिओ लहरी दुर्बिणीला. मी क्ष-किरणांचे ठिपके ट्रेसिंग पेपरवर उतरवून रेडिओच्या नकाशावर ठेवायचे. ठिपक्यावर ठिपका बसला की शिकार सापडण्याची आशा.

पण क्ष-किरणांच्या कागदावर पूर्व डावीकडे लिहिलेली. मामा, मी भूगोलात नापास झालो तेव्हा ‘पूर्व उजवीकडे’ हे तुम्ही मीटरपट्टीने माझ्या पोटऱ्यांवर लिहिलं होतंत. मला अक्कांची दया आली. एवढं शिकून हे. बोभाटा नको म्हणून मी सगळे ट्रेसिंग गुपचूप पालथे घातले. रेडिओच्या नकाशावर दिशाच नव्हत्या, त्यामुळे तो वाचला. महिनाभर ठिपका जुळेना. अक्का म्हणाल्या, शोध बंद करू, तूही घर गाठ. मला कापडाचे तागे दिसू लागले.

आवराआवर करताना त्यांनी एक कागद उचलला. “गिरीधर, हा पालथा कुणी घातला?”

“मी सुधारला, अक्का.”

त्या ओरडल्या नाहीत. मला फरशीवर उताणं झोपवलं, डोकं उत्तरेला, नकाशा तोंडावर धरला आणि विचारलं, पूर्व कुठल्या हाताला? डाव्या. मामा, आकाश खालून बघायचं असतं, हे भूगोलाच्या मास्तरांनी सांगायला हवं होतं.

कागद सुलटे केले आणि त्याच दुपारी तीन जोड्या जुळल्या. दोन पुढे बाद झाल्या. तिसरीचे क्ष-किरण भडकले की रेडिओही भडकतो, आणि मोठ्या दुर्बिणीतून बघितलं तर दोन्ही बाजूंना पिचकाऱ्या, अण्णांनी पान सोडावं अशा. आजवर कुणी न ओळखलेला, कोरा करकरीत मायक्रोक्वेसार. अक्कांच्या लेखाखाली माझे आभार छापून येणार आहेत. म्हणाल्या, सुधारणा स्वल्प कमी कर, पण इथेच राहा. तेव्हा कापड दुसऱ्या कुणाकडून फाडून घ्या.

आपला विजयी भाचा,
गिरीधर

ता. क. कायम व्हायला दहावी पास लागते. भूगोल तेवढा राहिलाय. ऑक्टोबरला बसतोय, आठवडाभर शिकवायला याल का?

ता. क. दुसरा. मीटरपट्टी आणा. हात आता आपोआप पूर्व डावीकडे लिहितो.