निवडून फेकलेल्या खनिजाची वही

मी, गुरुसिद्धप्पा शिवयोगी कोरे, वय ७६, निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, राहणार जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. घर व बँकेतील ठेवी पत्नी रत्नम्मा हिला. तिच्यामागे मुलगा महेश्वर याला. त्याने घर विकू नये. ऐकणार नाही हे ठाऊक आहे.

२. माझा तराजू व काचेची भांडी कॉलेजला. प्रयोगशाळेला अण्णारावांचे नाव देणार असतील तर देऊ नयेत.

३. अण्णाराव माझ्या हाताखालचे व्याख्याते, वळसंगचे. पोरे त्यांच्याभोवती जमायची. घरी जेवायला आले की रत्नम्मा त्यांना न विचारता दुसरी भाकरी वाढायची, मला विचारायची. मी जळायचो. अजूनही जळतो.

४. १९८७ साली आम्ही कोळशापासून द्रव इंधन करत होतो. भुकटी तेलात कालवून, हायड्रोजन भरलेल्या बंद पोलादी भांड्यात तापवायची. मी आधी कोळसा धुऊन, त्यातले चकाकणारे खनिजाचे कण ज्वारी निवडावी तसे निवडून काढायचो. अण्णारावांना त्याचा कंटाळा. तरी त्यांचे तेल माझ्या दीडपट निघाले. तो कचराच काम करतोय, असे ते म्हणाले. विभागप्रमुख मी होतो. ‘नमुना अशुद्ध, निष्कर्ष अग्राह्य’ असा शेरा मारला. त्यांचा प्रबंध तिथेच अडला.

सुट्टीत मी एकट्याने करून पाहिले. फेकलेले कण परत घातले, तेल वाढले. लोखंड-गंधकाचे ते खनिज तापल्यावर हायड्रोजन कोळशापर्यंत पोचवत होते. उत्प्रेरक विकत घ्यायला मी अर्ज करत होतो आणि असलेला वेचून टाकत होतो. ती वही अडतीस वर्षे कुलपात आहे.

५. सदर वही माझ्या मृत्यूनंतर अण्णारावांना द्यावी. (हे कलम रद्द.)

काल हा मसुदा रत्नम्माला वाचून दाखवला. अण्णारावांचे डायलिसिस चालू आहे. ती म्हणाली, “तुमी गेल्यावर देणार व्हय? आणि ते आदी गेले तर?”

तो हिशेब मी केलाच होता. मला त्यांचे तोंड बघायचे नव्हते, म्हणूनच तर मृत्युपत्र.

६. आज सकाळी वही आणि शेरा चुकीचा असल्याचे माझ्या सहीचे पत्र रत्नम्मा त्यांना देऊन आली. सांगत होती, त्यांनी सगळे वाचले आणि एवढेच विचारले, “सरांनी किती येळा करून बघितलं?”

अकरा वेळा. दर वेळी अण्णाराव चुकीचे ठरावेत म्हणून. हे वहीत नाही, ते मलाच जाऊन सांगावे लागेल. सह्या झाल्या की निघतो.

खाडाखोड माझीच असून तिच्या बाजूला तिघांच्याही सह्या आहेत.

गुरुसिद्धप्पा शि. कोरे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. चनबसप्पा मलकप्पा बिराजदार, शेजारी (सही)
२. अपेक्षा उदयसिंह पवार, वकील (सही)

सोलापूर, १७ नोव्हेंबर २०२५