कम्प्युटरांची इर्जिक

ती. नागोराव भाऊजींच्या पायांशी राळेगावहून पंजाबरावचा नमस्कार. शीलाताईलाही नमस्कार (ती माझ्याहून मोठी आहे हे ती मला विसरू देत नाही, म्हणून वेगळा लिहिला). आम्ही सगळे बरे आहोत. मैनाचे गुडघे थंडी पडली की कुरकुरतात, पण तिची जीभ बारमाही ठणठणीत आहे. तुमच्या कमरेचं काय झालं? ट्रकचे टायर उचलायला आता एखादा माणूस ठेवा, पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रक काही कमी होणार नाहीत आणि कंबर एकच आहे. तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा पत्र काय लिहीत बसला. त्याचं कारण तुम्हीच. फोनवर तुम्ही दोनदा 'हं' म्हणता, मागून हॉर्न वाजला की 'ठेवतो, गिऱ्हाईक आलं' म्हणता आणि ठेवता. (हायवेवर हॉर्न अष्टौप्रहर वाजतो, हे आम्हालाही ठाऊक आहे.) पत्राचं तसं नाही. ते ठेवून दिलं तरी तिथंच पडून राहतं, आणि शीलाताई ते मोठ्यानं वाचून दाखवते.

तर विषय तुमच्या अपेक्षाचा. पोरगी आमच्याकडे राहून कॉलेज करते आहे, तब्येतीनं बरी आहे, जेवते मात्र चिमणीएवढं. यवतमाळला विद्यार्थ्यांची एक तंत्रज्ञान स्पर्धा होती, ग्रिड कॉम्प्युटिंगची. हे काय प्रकरण आहे ते मी तुम्हाला समजावून सांगतो, कारण मला ते समजलं आहे आणि समजल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलो आहे (हल्ली लोक मला पाहून गल्ली बदलतात). समजा एक काम एवढं अवाढव्य आहे की एका कम्प्युटरनं मान मोडून केलं तरी महिना जाईल. मोठं यंत्र घ्यायची आपली ऐपत नाही. मग ठिकठिकाणचे साधे, रिकामे बसलेले कम्प्युटर इंटरनेटनं जोडायचे, कामाचे तुकडे करायचे, ज्याला जेवढा झेपेल तेवढा तुकडा द्यायचा, आणि सगळ्यांची उत्तरं परत आली की ती जुळवायची. अपेक्षानं आणि तिच्या वर्गातल्या अश्वजितनं तालुकाभरच्या शेतकऱ्यांकडून कपाशीच्या बोंडांचे फोटो गोळा केले होते, पोत्यानं मोजावे एवढे. एकेक फोटो तपासून बोंडअळी कुठल्या शिवारात कधी आली आणि कुठल्या बाजूनं पसरली, हे त्यांना शोधून काढायचं होतं. काम नामी होतं. फक्त कम्प्युटर नव्हते. बाकीच्या कॉलेजांकडे खोल्या भरभरून कम्प्युटर, आणि आपल्या पोरांकडे एक लॅपटॉप, ज्याचं झाकण रबर लावून उभं करावं लागतं.

जिंकलं तर पुढची फेरी पुण्याला होती. आणि पुण्याचं नाव निघालं की तुमचं दिवाळीतलं वाक्य आडवं येत होतं. आठवतं ना? करंजीचा तुकडा हातात धरून तुम्ही म्हणाला होता, "यवतमाळपर्यंत ठीक हाय. त्याच्यापुढं पोरीनं कायले जा लागते?" पोरगी फराळाची ताटं उचलून आत गेली, आणि मोरीत बराच वेळ नळ चालू होता.

आता गंमत ऐका. ही दोघं आठवडाभर गावात दारोदार हिंडली, आपला कम्प्युटर एक दिवस आम्हाला वापरू द्या म्हणून. कोणी म्हणे व्हायरस येईल, कोणी म्हणे लाईटचं बिल तुम्ही भरता का, आणि कृषी केंद्रवाला रोज म्हणे उद्या या. शनिवारी पोरगी न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली. मैनानं डोळ्यांनी मला खूण केली (लग्नापासून तिच्या या खुणेचा अर्थ एकच आहे, 'तुम्ही करा काहीतरी'). मी तिला सगळं विचारलं, तिनं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, "अवं पोरी, हे त इर्जिकच झाली." एखाद्याचं वावर मागे पडलं की गावानं आपापला बैलजोड घेऊन जायचं, सगळ्यांनी मिळून एका दिवसात रान उलटं करून टाकायचं आणि मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्याकडे कोणी घातली नाही, पण लोक विसरलेले नाहीत. अपेक्षा उठून बसली आणि म्हणाली, हो मामा, अगदी तसंच. तिची चूक झाली ती एवढीच.

रविवारी ती सरावासाठी यवतमाळला गेली आणि इकडे मी गावात निरोप फिरवला की पंजाबरावकडे इर्जिक आहे, आपापला कम्प्युटर घेऊन जेवायला या. भाऊजी, जो कृषी केंद्रवाला पोरांना उद्या या म्हणत होता, तो सगळ्यांच्या आधी आला. इर्जिकीला नाही म्हणायचं असतं काय? झेरॉक्सवाला आला, फोटो स्टुडिओवाला आला, पतसंस्थेचा क्लार्क आला. गोधडीत गुंडाळलेले कम्प्युटर, ऑटोत मांडीवर घेतलेले कम्प्युटर, एक तर बैलांच्या दमणीतून कडब्यावर निजवून आणलेला. श्रावणकाकांनी निरोपातला इर्जिक हा शब्द तेवढाच ऐकला (वय कानात उतरलं आहे), ते बैलजोड आणि वखर घेऊन आले. परत कसं पाठवणार? बैल निंबाखाली बांधले. अंगणात एका बाजूला गोवऱ्यांवर रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीला तर्री आली होती, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर ओळीनं कम्प्युटर मांडलेले. असं दृश्य आमच्या अंगणानं मैना लग्न होऊन आली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मी मधोमध उभा राहिलो आणि वखर धरताना सांगतात तसं सांगितलं, एकदमच चालू करा.

सगळ्यांनी एकदमच चालू केले. निंबावरचे कावळे उडाले एवढा आवाज कोपऱ्यावरच्या डीपीतून झाला आणि अर्ध्या गावाची लाईट गेली. गिरणी थांबली. गिरणीत डबे घेऊन बसलेल्या बाया पिठाचे हात घेऊन आमच्याकडे आल्या, आणि त्या काय बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्या बोलून दमल्यावर मैनानं सुरुवात केली. "अवो, अतिशहान्याचा बैल रिकामा म्हंतात, अन् तुम्ही त दुसऱ्याचेबी बैल रिकामे केले." मी म्हटलं, आधी जेवणं होऊ दे. जेवल्यावर माणूस कमी बोलतो.

पंगत बसली असतानाच अपेक्षा आणि अश्वजित आले. दारातच थिजले. पोरीनं कम्प्युटर पाहिले, बैल पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मामा, यायले इथं कायले आणलं जी? ज्याचा त्याच्याच घरी राह्यते. घरूनच काम करते तो." मी म्हटलं, घरी बसून कोणी इर्जिक करते काय? त्यावर अश्वजितला हसू फुटलं, मग तिला, आणि मग ती तिथंच ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. (पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. मी मामा आहे, मला कळतं.) पण पोरं हुशार. लाईनमन आला, त्यालाही पानावर बसवला, फ्यूज बसला, आणि एकेक कम्प्युटर चालू करून अश्वजितनं प्रत्येकात त्यांचा तो छोटासा प्रोग्राम टाकून दिला. आठवडाभर दारोदार फिरून जे जमलं नव्हतं ते संध्याकाळच्या आत आमच्या अंगणात उरकलं. निघताना अपेक्षा प्रत्येकाला हात जोडून सांगत होती, काका, उद्या सकाळी घरी फक्त चालू ठेवा, बाकी काही करू नका.

सोमवारी यवतमाळला मीही गेलो. हॉल एवढा मोठा की आपल्या बाजार समितीचं शेड त्यात मावेल. आपल्या पोरीची पाळी आली. भिंतीवर तालुक्याचा नकाशा उमटला, सगळा काळा. तिनं एक बटण दाबलं आणि काही झालं नाही. मग राळेगावात एक हिरवा ठिपका लागला. मग दुसरा. भाऊजी, मी ते ठिपके ओळखत होतो हो. हा कृषी केंद्रवाला, हा झेरॉक्सवाला, हा दमणीतून आलेला. बोंडांचे फोटो इथून तुकड्या-तुकड्यांनी निघत होते, कोणाच्या पडवीत, कोणाच्या दुकानात जात होते आणि तपासून परत येत होते, एवढ्या वेळात की विडी पेटवायलाही सवड मिळू नये. जी माणसं बांधावरून एकमेकांशी कोर्टात भांडतात, त्यांची यंत्रं तिथं निमूट एकमेकांचं काम वाटून घेत होती. गाव करी ते राव न करी असं आपण नुसतं म्हणतो, मी ते भिंतीवर पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला, लाज कसली, डोळेही भरले.

आणि ऐन मोक्याला राळेगावची लाईट गेली. (या वेळी माझा हात नव्हता.) ठिपके पटापट विझले. शेजारच्या चमूतला एक पोरगा हसला, त्याला मी नीट पाहून ठेवलं आहे. अपेक्षा हलली नाही, पण तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसलं. तेवढ्यात तालुक्यातल्याच वडकी गावात एक ठिपका लागला. मग झाडगावात, मग वाढोणा बाजारात, खैरीत. हे तिलाही माहीत नव्हतं. झालं होतं असं, की जेवायला आलेल्यांपैकी कित्येकांकडे कम्प्युटरच नव्हते. रोडगे खाऊन ओशाळले होते बिचारे. त्यांनी अश्वजितकडून तो प्रोग्राम मागून घेतला होता आणि सकाळी कोणी लेकीकडे, कोणी साल्याकडे जाऊन तिथला कम्प्युटर चालू करून दिला होता. श्रावणकाका वडकीच्या जावयाच्या टेबलापाशी काठी घेऊन बसले होते आणि कोणाला बंद करू देत नव्हते. काम पुरं झालं. नकाशावर अळीची वाट उमटली, नदीच्या काठाकाठानं वर सरकत गेलेली, आणि आख्खा हॉल ती पाहत होता.

पुण्याच्या परीक्षक मॅडमनी तिला विचारलं, अशा ग्रिडमध्ये मोठी अडचण ही असते की लोक मध्येच मशीन बंद करून टाकतात, तुमचे लोक टिकले कसे? अपेक्षानं सरळ सांगितलं, "मॅडम, ते जेवले होते." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं आणि मन लावून ऐकलं. पहिला नंबर आपला. पुण्याची फेरी पुढच्या महिन्यात आहे. तुमचं दिवाळीतलं वाक्य मी विसरलेलो नाही, पण मामा सोबत असल्यावर तुम्हाला काळजीचं कारण नाही. मी तिला घेऊन जाईन आणि घेऊन येईन. माझी तयारी झाली आहे, मैनानं नवं पांघरूणही काढून ठेवलं आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. कमरेला जपा.

तुमचा,
पंजाबराव

ता. क. हे पत्र लिहितो आहे हे अपेक्षाला माहीत नाही. कळलं तर म्हणेल, मामानं पुन्हा न विचारता इर्जिक घातली.

ता. क. श्रावणकाका अजून वडकीला जावयाकडेच आहेत आणि वखर इथंच विसरले आहेत. पांढरकवड्याहून कोणी वडकीकडे जाणारा असेल तर निरोप द्या.

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. हॉलमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर पिशवी ठेवली. अपेक्षा स्टेजवरून उतरून आली, पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि परत गेली. मला वाटलं, कोणी मॅडम बसणार असतील. कोणी बसलं नाही. नंबर पुकारला तेव्हा सगळी पोरं टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहत होती, आणि ही दाराकडे. घरी आल्यावर मैनानं विचारलं तेव्हा बोलली, की वेळ आणि पत्ता तिनं बाबांच्या फोनवर पाठवला होता. तुम्ही पाहिला असेल, भाऊजी. तुम्हाला 'हं' म्हणता आलं असतं. आता मी पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या दोन सीटा बुक केल्या आहेत. एक अपेक्षाच्या नावाची आहे आणि दुसरी नागोराव नावाची.