वीराची आंघोळ

आप्पा, आज धुळवड. दुपारपासून गोदेच्या बाजूनं हलगी ऐकू येतेय आणि माझं कशात लक्ष लागत नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. समोर होतात तेव्हा मी तुमच्याशी कधी नीट भांडले नाही, ते आज कागदावर भांडायला बसले आहे.

तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात, पण नाशिकमध्ये तुमचं नाव होतं ते सणांवरच्या व्याख्यानांमुळे. ऐन थंडीत सूर्य पुन्हा वर येईल की नाही या धास्तीनं युरोपातली माणसं मोठमोठे जाळ करायची आणि त्यातलं पुष्कळ काही पुढे नाताळात शिरलं, मेक्सिकोत मेलेल्यांना घर सापडावं म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, जपानात पितरांना निरोप द्यायला पाण्यात दिवे सोडतात, आणि आपली होळी, आपला पितृपंधरवडा त्याच कुळातला, हे तुम्ही इतकं रंगवून सांगायचात की लोक खुर्चीत पुढे सरकून बसायचे. "भीतीला गोडधोड खाऊ घातलं की सण होतो," हे तुमचं वाक्य कितीतरी जण वहीत उतरवून घ्यायचे. मशीनवर स्लाइड बदलायला मी असायचे. मला तुमचा केवढा अभिमान होता.

आई चांदवडकडची, चौथी शिकलेली. दादा अकराव्या वर्षी तापानं गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. तिनं सराफाकडून त्याचा टाक करून घेतला. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर हातात तलवार घेतलेली आकृती. अकाली गेलेला मुलगा घरचा वीर होतो, असं तिच्या माहेरी मानत. धुळवडीला ती तो टाक नारळाबरोबर लाल फडक्यात बांधून गोदावरीवर न्यायची, त्याला आंघोळ घालायची, होळीभोवती फिरवून परत देव्हाऱ्यात ठेवायची. तुम्ही तेव्हा पेपर वाचत बसलेले असायचात. अडवलं मात्र नाहीत कधी.

मी वीस वर्षांची असताना तुमचं ते मोठं व्याख्यान होतं. दुपारी तुम्ही म्हणालात, "तो टाक काढून माझ्या पिशवीत ठेव." आई गिरणीत दळण आणायला गेली होती. मी ठेवला. कशाला, हेसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी ती दुसऱ्या रांगेत बसली होती, लग्नातलं लुगडं नेसून. मेक्सिकोची स्लाइड झाली आणि तुम्ही पिशवीत हात घातलात. "इतकं लांब कशाला जायचं? हा माझा मुलगा." टाक दोन बोटांत धरून तुम्ही उंच केलात. "आमच्याकडे दरवर्षी याला आंघोळ घालतात. साबण लावतात की नाही, ते विचारायला हवं." सगळं सभागृह हसलं. मीही हसले, आप्पा.

आई उभी राहिली. "अहो, तो माझा पोरगा हाय. लोकं हसून राह्यले त्याला. खाली ठेवा."

तुम्ही लोकांकडे वळून म्हणालात, "बघा, मी काय सांगत होतो?" आणि टाळ्या पडल्या.

टाक घरी आलाच नाही. तुम्ही तिथल्या तिथे तो एका कॉलेजच्या संग्रहाला देऊन टाकलात. काचेच्या पेटीत ठेवला त्यांनी, खाली चिठ्ठी, 'पूर्वजपूजेचा टाक, चांदी'. आईनं स्वयंपाकघराच्या दारात तुमचे पाय धरले. "माझं लेकरू मला आणून द्या." तुम्ही पाय सोडवून घेतलेत. "दिलेली वस्तू परत मागायची नसते. आणि आता ती अभ्यासाची आहे." पुढच्या धुळवडीला ती एकटी त्या कॉलेजवर गेली. सुट्टी होती. शिपायानं गेटवरूनच परत पाठवलं. त्यानंतर ती धुळवडीला कधीच घराबाहेर पडली नाही, खिडक्या लावून बसायची. सहा वर्षांनी तीही गेली. शेवटच्या आठवड्यात ती तुमच्या हातून पाणी घेत नव्हती, तेव्हा तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की तिला गिळता येत नाही. माझ्या हातून ती पाणी पीत होती. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मग तुम्हाला अर्धांगवायू झाला आणि मी तुम्हाला माझ्याकडे सिडकोत आणलं. धुळवडीची माझ्या अंबडच्या कंपनीला सुट्टी होती. मी तुम्हाला खिमट भरवते आहे, आणि खालून वाजतगाजत कुणाचा तरी वीर चाललाय. तुम्ही तोंड बाजूला घेता. "त्याची आंघोळ झाली का?"

"कुणाची?"

"आपल्या पोराची."

त्या व्याख्यानानंतर त्याचा विषय तुम्ही पहिल्यांदाच काढलात. झाली, एवढं म्हणायचं होतं मला. मी चमचा वाटीत ठेवला आणि अगदी तुमच्या व्याख्यानातल्या आवाजात म्हणाले, "आप्पा, मेलेल्यांना आंघोळ लागत नाही. ती आपली भीती असते. तुम्हीच शिकवलंत."

तुम्ही चांगल्या हातानं माझं मनगट धरलंत. "झाली म्हण ना."

"नाही झाली. त्याला तुम्ही पेटीत कोंडून आलात."

तुमचं रडणं अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं. मी तुमची हनुवटी पुसली आणि वाटी घेऊन आत गेले. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमचे दिवस झाल्यावर मी त्या कॉलेजात जाऊन आले. संग्रह कधीच बंद पडला होता. क्लार्कनं दोन कपाटं उघडून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, शिफ्टिंगमध्ये काय कुठं गेलं, कुणाला माहीत." खोटं वाटलं नाही मला ते.

हा कागद मी फाडणार आहे. नदीत वगैरे सोडणार नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं आणि जिथं ती दादाला आंघोळ घालायची त्या पाण्यात आईनंही तुम्हाला घेतलं नसतं. त्या दिवसाचा मला फार पश्चात्ताप होतो, असं मी नवऱ्याला सांगून ठेवलं आहे. होत नाही, आप्पा. तुम्ही बाहेरच्या खोलीत रडत होतात आणि मी आत ती वाटी घासताना गुणगुणत होते.